लग्नसराईत घेतलेल्या सहा बाटल्या

जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत मी नखांचं काम करते. यंदा ऐन लग्नसराईत माझ्या हातची ॲक्रेलिक नखं पाचव्या-सहाव्या दिवशी सुटायला लागली आणि दोन महिने मी दोष स्वतःच्या हातात शोधत राहिले. दोष बाटलीत होता. घरून पार्लर चालवणाऱ्या मुलींनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

मार्चमध्ये एकाचा फोन आला. मी वापरते त्याच कंपनीचं मोनोमर, म्हणजे पावडरीत मिसळून ॲक्रेलिक बनवायचं लिक्विड, 118 मिलीची बाटली 1,450 रुपयांना देतो म्हणाला. मला ती एरवी 2,600 ला पडते. "मॅडम, स्टॉक काढायचाय, परत हा भाव मिळणार नाही." बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर 18 टक्के वर द्यावे लागतील." एप्रिल-मेची बुकिंगं पुढ्यात होती. सहा बाटल्यांचे 8,700 रुपये यूपीआयने पाठवले. पार्सल आलं, खोकं, झाकण, रंग सगळं हुबेहूब. वास मात्र फार उग्र होता, नाकाला झोंबणारा. मी खिडकी उघडली आणि कामाला लागले. तिथेच थांबायला हवं होतं.

पहिल्या तक्रारी आल्या तेव्हा मला वाटलं, पाण्यामुळे असेल. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका दिवसभर धुण्या-भांड्यांत असतात. पण तक्रारी वाढतच गेल्या. त्या माणसाला फोन केला, तर त्याने मलाच शिकवलं. "सोलापूरचं ऊन आहे मॅडम, तुमचा हात अजून बसलेला नाही. प्रायमर कमी पडतंय." प्रायमर म्हणजे पकडीसाठी नखावर आधी लावायचा थर. त्यात निम्मं खरं होतं म्हणूनच मी फसले. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ॲक्रेलिक खरंच लवकर घट्ट होतं, ब्रशवर घेतलेला लिक्विड-पावडरचा मणी नखावर नीट बसायच्या आत आळून जातो. मी टेबलाशेजारी कूलर लावला. त्याच्याकडूनच 900 रुपयांचं 'स्ट्राँग' प्रायमर घेतलं आणि दोन-दोन हात लावलं. ॲसिडवालं प्रायमर जास्त लावून पकड वाढत नाही, उलट कातडीला लागलं की भाजतं. दोघींची बोटं चुरचुरली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नख कुठून सुटतंय, यावरून बरंच कळतं. मुळाशी, क्युटिकलकडून सुटलं तर बहुतेक वेळा नखावरची मेलेली कातडी नीट काढलेली नसते, नाहीतर ॲक्रेलिक कातडीवर चढलेलं असतं. कडेने सुटलं तर बाजूच्या खाचा घासून घ्यायच्या राहिलेल्या असतात. टोकाकडून सुटलं तर नखाच्या टोकाची कड ॲक्रेलिकने बंद केलेली नसते किंवा लांबी झेपण्यापेक्षा जास्त असते. मणी फार ओला घेतला तरी पकड कमी होते आणि ओघळून कातडीला लागतो. मी हे सगळं एकेक करून तपासलं. नखाचा ओलावा काढणारं डिहायड्रेटर बदललं, नवी फाईल आणली, तेलकट हातांना दोनदा पुसलं. तरी नखं सुटत होती, तीही एका जागेहून नाही, अख्खीच्या अख्खी. हात वेगवेगळे, सवयी वेगवेगळ्या आणि सुटायची तऱ्हा एकच. तेव्हा कुठे माझं लक्ष बाटलीकडे गेलं.

कपाटात जुन्या बाटलीत तळाला थोडं लिक्विड उरलं होतं. माझ्याच डाव्या हाताच्या दोन बोटांना ते लावलं, उरलेल्या तीन बोटांना नवं. पावडर तीच, प्रायमर तेच, वेळही तीच. सहाव्या दिवशी तिन्ही सुटली, दोन्ही जागच्या जागी. मग जुनी दोन काढायला आणि सुटलेली तीन तपासायला ॲसिटोनमध्ये बुडवली तर जुनं अर्ध्या तासात मऊ पडलं, नवं तासाभरानंतरही मऊ पडेना. फाईल करतानाही ते दगडासारखं लागत होतं.

चांगल्या लिक्विडमध्ये इथाइल मेथाक्रिलेट असतं. स्वस्तात मिळतं ते मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए. ते दातांच्या कवळीला आणि हाडांच्या सिमेंटला वापरतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-कॉस्मेटिकवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, नखं खराब झाल्याच्या आणि कातडीला त्रास झाल्याच्या तक्रारींवरून शंभर टक्के एमएमए असलेला नखांचा माल कोर्टात जाऊन बाजारातून काढायला लावला होता. उग्र वास, दगडासारखा कडकपणा, ॲसिटोनला दाद न देणं, नखावर कच्ची पकड, ही त्याचीच लक्षणं. ती सगळी माझ्या बाटलीत होती.

कडकपणाचा खरा धोका पूर्व भागातल्या एका मुलीला भोगावा लागला. हळदीच्या आदल्या दिवशी रडतच आली. "अक्का, दारात अडकलं आणि माझ्या नखासकट निघालं." चांगलं ॲक्रेलिक अशा वेळी स्वतः तुटतं. हे तुटलं नाही, तिचं नख अर्ध्यातून फाटलं. मी तिला डॉक्टरकडे नेलं, पट्टी करून आणलं, तिचे आणि बाकी सगळ्यांचे पैसे परत केले. लग्नाच्या फोटोत तिने ते बोट मुठीत धरलंय.

त्यानंतर लेबल नीट वाचलं. परदेशातून आलेल्या कॉस्मेटिकवर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. जुन्या बाटलीवर तो होता, नव्या सहांपैकी एकीवरही नव्हता. बॅच नंबरही सहाही बाटल्यांवर पुसट. हे वाचायला दोन मिनिटं लागली असती. त्याला फोटो पाठवले, तर त्याने मला ब्लॉकच केलं.

मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण दोन महिन्यांनी. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. "तुम्ही धंदेवाल्या, ग्राहक कुठल्या?" असं मला एकाने सुनावलं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याने त्याच कामाला घेतलेला माल व्यापारी हेतूचा धरत नाहीत. बिल नसल्याने माझ्या हातात यूपीआयची नोंद, चॅट आणि उरलेल्या बाटल्या एवढंच आहे. त्या सील करून ठेवल्यात, कुणी वापरायला मागितल्या तरी देत नाही.

ती मुलगी परवा येऊन नख दाखवून गेली. महिन्याला 3 मिलिमीटरच्या आसपास वाढतं ते, निम्म्यावर आलंय. पूर्ण येईपर्यंत त्यावर काहीही लावायचं नाही, असं मी तिला सांगितलंय.