डिजिकॅम की शॉटवेल? आत्याच्या फोटोंच्या निमित्ताने

ऑक्टोबर 2025मध्ये विंडोज 10चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या आत्याच्या जुन्या लॅपटॉपवर तेव्हा मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. बाकी सगळं तिला जमलं, गाडी अडली ती फोटोंपाशी. "माझं पिकासा कुठे गेलं रे?" गूगलने ते फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर 2016मध्येच बंद केलं होतं, पण आत्याकडे ते सुखाने नांदत होतं.

नुसते फोटो बघायचे, फिरवायचे, कापायचे असतील तर मिंटमध्ये पिक्स नावाचं सॉफ्टवेअर आधीच असतं. फोल्डर उघडा आणि बघा. फोटो नीट लावून ठेवायचे असतील तर खरा प्रश्न आहे तो डिजिकॅम आणि शॉटवेल या दोन सॉफ्टवेअरांत. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतात.

शॉटवेल हलकं आहे आणि पाच मिनिटांत हाताखाली येतं. फोटो आत घेतले की तारखेप्रमाणे आपोआप गठ्ठे पडतात: उत्तरायणाचे एकीकडे, नवरात्रातल्या गरब्याचे एकीकडे. पण इथेच एक गोम आहे. 1978च्या लग्नाचा फोटो गेल्या वर्षी स्कॅन केला असेल, तर तो 1978मध्ये जाऊन बसत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख उरलेलीच नसते, त्यामुळे तिथेही घोळ. तारीख हाताने बदलता येते. शंभर-दोनशे फोटोंचं काम असेल तर चहा घेऊन बसा.

डिजिकॅम तुमचे फोल्डर आहेत तसेच ठेवतं. 'सयाजीबाग, मुलांबरोबर' हा फोल्डर तिथे अल्बम म्हणून तसाच दिसतो. मात्र त्या अल्बममध्ये केलेली हलवाहलव खऱ्या डिस्कवर होते, हे विसरू नका. चेहरे ओळखणं, सारखे फोटो शोधणं, नकाशावर जागा दाखवणं, बाहेरची हार्डडिस्क जोडणं, सगळं त्यात आहे. चेहऱ्यांच्या बाबतीत शॉटवेल त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण पहिल्यांदा उघडल्यावर इतकी बटणं अंगावर येतात की नवखा माणूस गांगरतो. चेहरे शोधायला लावलं की जुना लॅपटॉप तासन्‌तास घुरघुरतो. ते काम रात्री लावून झोपावं.

माझ्या मते निवड ठरते ती नावं कुठे लिहिली जातात यावर. शॉटवेलमध्ये दिलेले टॅग, म्हणजे फोटोंना लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्या, मुळात त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात, आणि तो आपल्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात असतो. मी एकदा 'पिक्चर्स' तेवढं कॉपी करून लॅपटॉप फॉर्मॅट केला आणि दोन हिवाळ्यांची मेहनत घालवली. चूक माझीच. माहिती फोटोच्या फाइलमध्येही लिहिण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये होता, मी तो चालूच केला नव्हता. डिजिकॅममध्येही मेटाडेटाच्या (फोटोबद्दलच्या माहितीच्या) सेटिंगमध्ये जाऊन टॅग आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहिली जातात का, ते आधी बघा. मग उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी नाव फोटोबरोबर चालतं.

आणखी एक: फोटो सुधारताना शॉटवेल मूळ चित्राला हात लावत नाही. उजळवलेला, कापलेला फोटो फक्त त्याच्या आतच दिसतो. भाचीला पाठवायचा असेल तर आधी एक्स्पोर्ट करावा, म्हणजे वेगळी फाइल म्हणून बाहेर काढावा लागतो. आत्यासारख्यांना हे चारदा सांगावं लागतं.

फोनमधले फोटो काढून ठेवायचे आणि कधीमधी चाळायचे एवढंच असेल, तर शॉटवेल घ्या. घरातल्या जुन्या फोटोंतली माणसं ओळखून ठेवायची असतील, तर डिजिकॅमच. ती नावं सांगणारं माणूस घरात आहे तोवर बसा.

आत्यासाठी मी डिजिकॅम लावलं आणि निम्म्या खिडक्या बंद करून दिल्या. परवा त्याने चुलतभावाला आजोबा ठरवलं. मी दुरुस्त करायला गेलो, तर आत्या म्हणाली, "त्याचं काय चुकलं? नाक तेच आहे."