गिरगावातलं कॅसेट आणि जुने फोटो डिजिटल करून देणारं दुकान, बिनधास्त जा

बोरिवलीला आमचा वन बीएचके, त्यात माळ्यावरची अर्धी जागा बाबांच्या कॅसेटींनी आणि अल्बमनी अडवलेली, आणि इथल्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायची ती वेगळीच. शेवटी सगळं पिशव्यांत भरून चर्नी रोडला उतरले आणि इथे आणून दिलं.

मला सगळ्यात काय आवडलं तर दुकानातल्या काकांनी सरसकट सगळं घेऊन बिल फाडलं नाही. समोर बसून कॅसेटी निवडल्या. विकतच्या होत्या त्या बाजूला ठेवल्या, म्हणाले, "ताई, हे सगळं ॲपवर यापेक्षा स्वच्छ मिळतं, उगाच पैसे घालवू नका." चाळीतल्या गणपतीच्या कार्यक्रमांच्या, घरी रेकॉर्ड केलेल्या, म्हणजे ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत तेवढ्याच घेतल्या. तिथेच माझं बिल निम्म्यावर आलं, आणि घरी काय ठेवायचं काय काढायचं हा आईशी चाललेला वादही मिटला.

काम निगुतीचं आहे. एका कॅसेटमधलं टेपला हेडवर (डेकमधला टेप वाचणारा भाग) दाबून धरणारं छोटं पॅडच पडलं होतं, त्यांनी स्क्रू खोलून टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. मग डेकच्या हेडचा बारीक स्क्रू किंचित किंचित फिरवत राहिले आणि तो घोगरा दबका आवाज एकदम मोकळा झाला, मागे पोरांचा गोंगाट आणि माइकवर लिंबू-चमचाचा निकाल सांगणारे बाबा, मला तिथेच भरून आलं. घाई मात्र करू नका, 60 मिनिटांची कॅसेट उतरवायला 60 मिनिटंच लागतात. वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) मागून घ्या, 90 मिनिटांची कॅसेट साधारण 950 एमबी होते, एमपीथ्री नंतर घरी कधीही करता येते.

फोटोंचं काम चांगलं, पण कॅसेटींइतकं नाही. 4 बाय 6 चे फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केले, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास, घरच्यांना भरपूर झालं. चिकट पानांच्या अल्बममध्ये जे घट्ट बसलेत ते ओढून न काढता पानासकट स्कॅन केले हे फार बरं केलं. पण फोटोंच्या मागे बाबांनी पेनानं गाव आणि साल लिहिलेलं, ती बाजू स्कॅन केलीच नाही, परत नेऊन करून घ्यावी लागली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले, हे मला पटलं नाही. शिवाय फाइलला नुसते नंबर आणि तारीख स्कॅन केल्याची, त्यामुळे 1984 सालचं मावशीचं लग्न मोबाइलमध्ये या वर्षात दिसतं. देतानाच दोन्ही बाजू आणि साल टाकायला सांगा.

निगेटिव्ह असतील तर त्याच द्या, प्रिंटपेक्षा जास्त बारकावे येतात, आणि काम झालं तरी त्या टाकू नका, पाकिटात फार जागा जात नाही. ते पेनड्राइव्हवर देतात, तेवढ्यावर राहू नका, हार्डडिस्कवर एक कॉपी ठेवाच. गूगल फोटोजची फुकटची अमर्याद जागा 2021 च्या जूनपासून बंद आहे, 15 जीबी बघता बघता संपतात.

कॅसेटींना पाचपैकी पाच, फोटोंना साडेतीन. यूपीआय चालतं, रविवारी बंद.