रिंग लाइट, स्टँड आणि कॉलर माइक : सात महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या सासूबाई मूळच्या बागलाणातल्या. त्यांच्यासारखे खापरावरचे मांडे आमच्या घरात आता दुसऱ्या कोणालाही जमत नाहीत, म्हणून ती कृती दीड मिनिटाच्या व्हिडिओत जपून ठेवावी या विचाराने दिवाळीनंतर मी महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून १० इंची रिंग लाइट, ७ फुटी स्टँड आणि बिनतारी कॉलर माइक असा संच ३,४०० रुपयांना घेतला. इंदिरानगरातील आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तो सात महिने वापरला आहे.

दिव्याने पहिल्याच दिवशी निराशा केली. फळीवरच्या प्रत्येक स्टीलच्या डब्यात एकेक पांढरे कडे चमकू लागले आणि सासूबाईंच्या चष्म्यात दोन. चित्रण पाहून त्या म्हणाल्या, "अगं, डोळ्यांत बांगड्या भरल्यात की काय माझ्या?" दिवा मोबाइलभोवती न ठेवता डावीकडे, डोक्याच्या वर आणि तिरपा धरल्यावर चष्मा मोकळा झाला, डब्यांवर मात्र पंचा टाकावा लागला.

पडद्यावर सरकणाऱ्या काळपट पट्ट्यांचा दोषही मी दिव्यालाच दिला होता. खरा दोषी निघाला ओट्यावरचा स्वस्त एलईडी बल्ब. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे अशा बल्बचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि मोबाइलने शटरचा वेग आपल्या मनाने ठरवला की तो चढउतार चित्रात उमटतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे हे आपल्या हाताने ठरवता येते तिथे, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर स्थिर केल्यावर पट्ट्या गेल्या. पिवळा बल्ब बंद केल्यावर मांड्यांचा रंगही ताळ्यावर आला.

माइकवर मी समाधानी आहे. हनुवटीखाली साधारण एका वितीवर लावला की आवाज स्वच्छ येतो. पदर घासला तर मात्र खरखर होते, म्हणून तो पदराच्या पिनेपासून दूर लावावा. मायक्रोवेव्ह चालू असताना दोनदा आवाज मध्येच तुटला. दोन्ही उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यामुळे तेव्हापासून तो बंदच ठेवते. पंखाही बंद ठेवावा लागतो, आणि एप्रिलमध्ये त्यापायी शेगडीजवळचा मोबाइल इतका तापला की चित्रण आपोआप थांबले.

स्टँडचे पाय हलके आहेत. मधल्या दांड्याला दोन किलो तांदळाची पिशवी अडकवल्याशिवाय मी त्यावर मोबाइल ठेवत नाही. खापर वरून दाखवण्यासाठी स्टँडला आडवा हात, म्हणजे मोबाइल वरून धरणारी आडवी दांडी लागते, ती या संचात नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेल्या यादीचा. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून सासूबाई मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवतात. हा प्रकार जेमतेम वीस सेकंदांचा, आणि तिथे "पुन्हा करा" म्हणण्याची सोय नाही. पाच उंडे म्हणजे पाच संधी. म्हणून पहिला उंडा केवळ चौकट ठरवण्यासाठी, पुढचे दोन समोरून, चौथा फक्त हातांचा, असे आधीच लिहून ठेवते, पाचवा राखीव. चौकटही उभी, ९:१६ अशी असल्यामुळे पसरलेला मांडा कडेला कापला जातो, हे पहिल्या उंड्यातच कळते आणि स्टँड दोन पावले मागे नेता येतो.

पुन्हा खरेदी करायची झाल्यास मी माइक घेईन, आडवा हात असलेला भक्कम स्टँड घेईन आणि दिव्याऐवजी सकाळी नऊच्या सुमारास खिडकीतून येणाऱ्या उजेडावर काम भागवीन. माइकची चिमटी मे महिन्यात तुटली. सध्या तो सेफ्टी पिनेने लावते.