ग्रासहॉपर: बदल पचवणारे मॉडेल

इमारतीच्या दर्शनी भागावर शेकडो उभ्या पट्ट्या असतील आणि प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीहून किंचित वेगळ्या कोनात वळलेली असेल, तर तिचे मॉडेल हातानेही करता येते; खरी पंचाईत होते ती पहिला बदल सुचवला जातो तेव्हा. राइनो या त्रिमितीय मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या ग्रासहॉपरची उपयुक्तता तिथे कळते. डेव्हिड रुटेन यांनी विकसित केलेले हे साधन २००७ साली ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ या नावाने आले आणि २०१८ मधील राइनो ६ पासून ते राइनोचाच भाग झाले. राइनोचा परवाना कायमस्वरूपी असतो, त्यासाठी दरवर्षी वर्गणी भरावी लागत नाही, हे लहान कार्यालयांना सोयीचे आहे.

ग्रासहॉपरमध्ये आकार काढण्याऐवजी तो कसा काढायचा याची रीत मांडावी लागते. पृष्ठभागाचे तुकडे करणारा एक घटक, त्या तुकड्यांचे मध्यबिंदू देणारा दुसरा, ठरावीक बिंदूपासून त्यांचे अंतर मोजणारा तिसरा, अशी तारांनी जोडलेली साखळी कॅनव्हासवर उभी राहते. त्या अंतरावर जाळीच्या छिद्रांची त्रिज्या अवलंबून ठेवली की बिंदू हलवताच सगळी जाळी नव्याने मांडली जाते.

नवशिक्याची गाडी अडते ती डेटा ट्रीपाशी, म्हणजे माहितीच्या शाखांमधल्या मांडणीपाशी. एकेरी तार म्हणजे एकच मूल्य, दुहेरी म्हणजे यादी आणि तुटक दुहेरी म्हणजे शाखांमध्ये विभागलेली माहिती, ही खूण एकदा डोळ्यांत बसली की निम्मे कोडे सुटते. तरीही चुकीच्या ठिकाणी ग्राफ्ट केले, म्हणजे प्रत्येक मूल्याला स्वतंत्र शाखा दिली, तर जिथे दहा रेषा हव्या तिथे शंभर उमटतात, आणि गंमत म्हणजे चूक दाखवायला घटक लाल होत नाही, कारण गणिताच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

सोबतच्या प्लगइनमुळे या साधनाचे मोल वाढते. डॅनिएल पायकर यांचे कांगारू ताणलेल्या पडद्यांचे आणि टांगलेल्या जाळ्यांचे आकार शोधते; लेडीबग हवामानाच्या फाइलवरून ऊन आणि सावलीचा हिशेब मांडते. सर्वांत सरस पर्याय शोधणाऱ्या अंगभूत गॅलापागोसबद्दल मात्र माझा उत्साह बेताचाच आहे. त्याला सरस-निरस ठरवण्यासाठी एकच आकडा द्यावा लागतो, आणि प्रकाश, खर्च व दृश्य यांना एका आकड्यात कोंबताना वास्तुविशारदाचे पूर्वग्रह त्या सूत्रात निमूटपणे शिरतात.

मोठ्या मॉडेलमध्ये मूल्य बदलणारी सरकपट्टी हलवली की दर वेळी पुढची सारी गणना पुन्हा होते, त्यामुळे जड भाग तात्पुरते बंद ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी लागते. शिवाय ‘बेक’ केलेल्या, म्हणजे राइनोत पक्क्या उतरवलेल्या, भूमितीचा मूळ साखळीशी संबंध तुटतो. नंतर हाताने केलेली दुरुस्ती साखळीत परत जात नाही. गट न पाडता, नावे न देता सोडलेली साखळी दुसऱ्या सहकाऱ्याला उलगडणे जवळजवळ अशक्य असते. परस्परांवर अवलंबून असलेले पुष्कळ भाग आणि वारंवार होणारे बदल असलेल्या कामासाठी हे साधन मी निःसंकोच सुचवेन. सरळ भिंतींच्या, आराखडा पक्का झालेल्या इमारतीसाठी साधे रेखाटनच लवकर उरकते.