स्टील गिटारविना कंट्री : रे चार्ल्स यांचा १९६२चा अल्बम

‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ असे लांबलचक आणि काहीसे दप्तरी नाव असलेला अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांचा अल्बम एबीसी-पॅरामाउंट कंपनीने एप्रिल १९६२मध्ये बाजारात आणला. त्याच वर्षी त्याचा दुसरा भागही निघाला. पुढे कॉनकॉर्ड कंपनीने दोन्ही भागांची चोवीस गाणी एकाच सीडीत आणली. हे परीक्षण मुख्यतः तिच्यातील पहिल्या बारा गाण्यांचे आहे. नाव वाचून कंट्री, म्हणजे अमेरिकेतील गोऱ्यांच्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या अपेक्षेने ही सीडी विकत घेणारा पहिल्याच मिनिटात बुचकळ्यात पडेल, हे आधी सांगितलेले बरे. हिच्यात कंट्रीची नेहमीची वाद्येच नाहीत : स्टील गिटार नाही, फिडल (लोकसंगीताच्या ढंगाचे व्हायोलिन) नाही, बॅन्जोही नाही. एव्हर्ली बंधूंनी १९५७मध्ये गिटारींच्या साथीवर लोकप्रिय केलेले ‘बाय बाय लव्ह’ येथे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या भरगच्च ताफ्यासह धडकते, आणि कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहराची ओळख पटावी असे गाण्याचे शब्द तेवढे शिल्लक राहतात.

माझ्या मते या अल्बमचे मर्म त्या शब्दांतच आहे. कृष्णवर्णीय सोल गायकाने गोऱ्यांच्या संगीतात केलेला धाडसी प्रवेश, असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते आणि ते मला अपुरे वाटते. कारण हे संगीत चार्ल्स यांना परके कधीच नव्हते. १९३०मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी येथे जन्मलेला आणि फ्लोरिडातील ग्रीनव्हिल या छोट्या गावात अत्यंत गरिबीत वाढलेला हा मुलगा शनिवारी रात्री ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा नॅशव्हिलचा रेडिओ कार्यक्रम ऐकत असे आणि त्यासाठी त्याची आई त्याला उशिरापर्यंत जागू देत असे. सातव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. सेंट ऑगस्टीन येथील अंध आणि बधिर मुलांच्या ज्या शाळेत तो शिकला, तेथे गोरी आणि काळी मुले वेगवेगळी ठेवली जात. ज्यांना रंग दिसतच नव्हता त्यांचीही रंगावरून वाटणी करण्याची ही दक्षता थक्क करणारी आहे. चौदाव्या वर्षी आई गेली, शाळा सुटली आणि पोटासाठी पियानो वाजवणे सुरू झाले. त्या भटकंतीत टँपा येथे ‘फ्लोरिडा प्लेबॉइज’ या गोऱ्या वादकांच्या कंट्री बँडमध्येही त्यांनी पियानो वाजवला. म्हणजे १९६२चा अल्बम हा प्रयोग खरा, पण त्याची तालीम पंधरा वर्षे आधी झालेली होती.

मधल्या काळातील कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. १९५२मध्ये अटलांटिक कंपनीशी झालेला करार, १९५४च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालेले ‘आय गॉट अ वूमन’, चर्चमधील भक्तिगीताच्या साच्यात ऐहिक प्रेमाचे शब्द ओतल्याबद्दल धार्मिक मंडळींनी व्यक्त केलेला रोष आणि त्यातूनच आकाराला आलेले सोल संगीत, यांवर भरपूर लिहिले गेले आहे. या अल्बमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे तो १९५९च्या अखेरीचा एबीसी-पॅरामाउंटशी झालेला करार, कारण त्यात मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी चार्ल्स यांच्याकडे राहील अशी अट होती आणि त्या काळात असे कलम क्वचितच कोणा गायकाच्या पदरी पडत असे. आपण काय गायचे हे ठरवण्याची ताकद त्यांच्या हाती आली, आणि चाहते दुरावतील या कंपनीच्या भीतीला न जुमानता त्यांनी निर्माते सिड फेलर यांना कंट्री गाणी जमवण्याच्या कामाला लावले. फेलर यांनी नॅशव्हिलच्या प्रकाशकांकडून गाण्यांचा ढीग मागवला आणि त्यातून चार्ल्स यांनी निवड केली.

ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९६२मध्ये न्यूयॉर्क आणि हॉलिवूड येथे झाले. उडत्या चालीच्या गाण्यांना जॅझ पद्धतीचा मोठा वाद्यवृंद आणि संथ गाण्यांना व्हायोलिनांचा ताफा व समूहस्वर, अशी ढोबळ विभागणी आहे. संथ गाण्यांचे संयोजन मार्टी पेच यांचे आहे. यातील ‘यू डोन्ट नो मी’ हे सिंडी वॉकर आणि एडी आर्नल्ड यांचे गाणे मी या सीडीवरील सर्वोत्तम मानतो. प्रेम मनातच ठेवलेला माणूस जिच्यावर जीव आहे तिच्याशी हस्तांदोलन करतो, दोन औपचारिक शब्द बोलतो आणि ती निघून जाते, एवढाच त्याचा विषय आहे. चार्ल्स येथे आपली प्रसिद्ध किंकाळी वापरतच नाहीत. शब्द तालाच्या किंचित मागून येतात, जणू बोलावे की नाही हे अजून ठरलेले नाही, आणि गाण्यातला संकोच त्या विलंबातूनच कळतो. कंट्री गायक हँक विल्यम्स यांचे ‘यू विन अगेन’ही असेच साधले आहे. विल्यम्स यांच्या गाण्यात हार पत्करलेल्या माणसाची कोरडी खंत आहे. चार्ल्स तीच हार जरा सावकाश, जखम चाचपत सांगतात.

कंट्री गायक-गीतकार डॉन गिब्सन यांचे ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ अकराव्या क्रमांकावर, शेवटून दुसरे आहे. ज्या गाण्यावर भिस्त असते ते कोणी तेथे ठेवत नाही. परंतु अभिनेते-गायक टॅब हंटर यांनी त्याच धर्तीची आवृत्ती काढल्यावर कंपनीने घाईने हे गाणे कापून छोटे केले आणि स्वतंत्र तबकडी काढली. ती अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पाच आठवडे, तर संपूर्ण अल्बम चौदा आठवडे अग्रस्थानी राहिला. गाण्याची रचना ऐकण्यासारखी आहे. गुळगुळीत, शिस्तबद्ध समूहस्वर ओळ म्हणतो आणि चार्ल्स ती मोडून, वाकवून परत करतात. शेवटाकडे ते त्या गायकवृंदाला ‘बाळांनो, गा’ अशा अर्थाची हाक देतात, तेव्हा स्टुडिओतल्या त्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या मंडळींसमोर एकदम चर्चचा धर्मोपदेशक उभा राहिल्यासारखे वाटते.

हाच समूहस्वर अल्बमचा मोठा दोषही आहे. ‘वरीड माइंड’ आणि ‘इट मेक्स नो डिफरन्स नाउ’ या गाण्यांत त्याची साय इतकी जाड होते की मूळ आवाज खालून शोधावा लागतो, आणि ‘बॉर्न टू लूज’ केवळ गायकाच्या एकाग्रतेमुळे तरते. एकामागून एक संथ गाणी सलग ऐकताना कंटाळा येतो, हे चाहता असूनही मान्य केले पाहिजे. याउलट शेवटचे ‘हे, गुड लुकिन’’ वाद्यवृंदाच्या जोरावर हसत-खेळत संपते. दुसऱ्या भागात ‘यू आर माय सनशाइन’चा खणखणीत अवतार सोडला, तर पहिल्या यशाची पुनरावृत्तीच अधिक आहे.

एवढे यश मिळवूनही ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ला खुद्द कंट्री संगीताच्या यादीत त्या वेळी स्थान मिळाले नाही. तेथे चार्ल्स अग्रस्थानी पोहोचले ते १९८५मध्ये, कंट्री गायक विली नेल्सन यांच्यासह गायलेल्या ‘सेव्हन स्पॅनिश एंजल्स’मुळे; आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्यांची निवड केली ती २०२१मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

नव्या श्रोत्याने ही सीडी क्रमाने ऐकू नये. आधी ‘यू डोन्ट नो मी’ ऐकावे, मग ‘यू विन अगेन’, आणि त्यानंतर अकरावे गाणे. तोवर समूहस्वर असह्य झाला असेल, तर उरलेली संथ गाणी सोडून थेट बाराव्याकडे जाण्यास हरकत नाही.