माऊस त्याच्या हातात होता

कामासाठी काही महिने घरापासून लांब राहायचं होतं. हिशेबाच्या फायली, जुने फोटो, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. तो चालू ठेवून बाहेरून उघडता आला की झालं, एवढीच माझी गरज. विंडोजमधली रिमोट डेस्कटॉपची सोय चालू केली, राउटरमध्ये तिचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, तरी मोबाइलच्या नेटवरून घरचा कॉम्प्युटर काही सापडेना.

कारण आता माहीत झालंय. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. याचा अर्थ इंटरनेट पुरवणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत होती, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी माझ्या राउटरपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. बिघडलेलं काहीच नव्हतं. (आणि पोचली नाही ते बरंच झालं. ३३८९ असा उघडा ठेवला की अनोळखी यंत्रं दिवसरात्र पासवर्ड लावून बघत बसतात.) पण तेव्हा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मदतीचा नंबर शोधला आणि सर्वांत वर जो दिसला त्यावर फोन लावला. ती जाहिरात होती. मी तेवढं नीट पाहिलं नाही.

पलीकडचा माणूस शांतपणे, आदराने बोलत होता. त्याने एक रिमोट सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं आणि त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर विचारला. असं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवरून बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरला स्वतःहून जोडलं जातं, म्हणून त्याला राउटरची अडचण येत नाही. मी नंबर वाचून दाखवला, ‘परवानगी द्या’वर क्लिक केलं आणि बाण आपोआप हलायला लागला.

यापुढचं जरा सविस्तर सांगते, कारण मी फसले ती इथेच. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या घडामोडींची नोंदवही, उघडला. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. ‘मॅडम, हे सगळे एरर बघा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी आधीच शिरलंय.’ मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा दिली. ‘फॉरेन ॲड्रेस’ असं शीर्षक आणि खाली ओळीने ‘एस्टॅब्लिश्ड’. ‘हे परदेशातले लोक आत्ता या क्षणी जोडलेले आहेत.’ माझ्या पोटात गोळा आला.

त्याने दाखवलेला एकही शब्द खोटा नव्हता. त्या खुणा खरोखरच तिथे होत्या, पण त्या उत्तम चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही असतात. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला तरी नोंद पडते. ‘फॉरेन ॲड्रेस’ म्हणजे जोडणीचं पलीकडचं टोक, परदेश नव्हे. ब्राउझरमध्ये दोन पानं उघडी असली तरी तिथे ओळी दिसणारच. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, स्वतःच्या स्क्रीनवर ठेवला होता. त्याला नेमकं तेच हवं होतं.

मी ‘सुरक्षा योजने’चे पैसे भरले. त्याने ‘सफाई’ केली आणि मोबाइलवरून घरचा कॉम्प्युटर उघडूनही दाखवला. ते खरंच चालायला लागलं, म्हणून शंकेला जागाच उरली नाही. त्याच वेळी त्याने स्वतःसाठी कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता, घरी कोणी ‘हो’ म्हणायला नसलं तरी आत येता येईल असा.

महिनाभराने फोन आला. मी तेव्हा घरीच होते. कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत. बँकेचं पान उघडून मी लॉगिन केलं. स्क्रीन थोडा वेळ काळी झाली. ही सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. पुन्हा दिसली तेव्हा शिल्लक बरीच वाढलेली होती. तो रडवेल्या आवाजात म्हणाला, ‘एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, वरचे तेवढे परत पाठवा.’ मला खरंच त्याची दया आली. आलेला ओटीपी टाकून मी स्वतःच्या हाताने पैसे पाठवले.

खात्यात काहीही आलेलं नव्हतं. ब्राउझरमध्ये समोरच्या पानावरचा मजकूर बदलायची सोय असते, ती वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. बदल फक्त आपल्या स्क्रीनवर दिसतो, बँकेत काही हलत नाही. पान रिफ्रेश केलं असतं तर जुना आकडा परत आला असता. मी मोबाइलवर पाहिलं ते संध्याकाळी.

आधी इंटरनेटची केबल काढली, मग बँकेला फोन केला. व्यवहार मीच मंजूर केलेला असल्याने पैसे परत मिळण्याबद्दल बँकेने काहीही कबूल केलेलं नाही. पासवर्ड सगळे दुसऱ्या उपकरणावरून बदलले. त्या कॉम्प्युटरवरून बदलले असते तर नवेही त्याला दिसले असते. ईमेलमधून ‘सगळीकडून लॉगआउट’ही करावं लागलं, कारण ब्राउझरने जपून ठेवलेलं लॉगिन चोरीला गेलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. सॉफ्टवेअर काढून टाकलं, तर विंडोजच्या सेवांच्या, म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत वेगळ्या नावाचं दुसरं एक रिमोट सॉफ्टवेअर सापडलं. मग फोटो आणि फायली बाजूला काढून विंडोजच नव्याने टाकलं.

तुम्ही कोणाला असं आत घेतलं असेल आणि काम नीट झालं म्हणून निश्चिंत असाल, तर आजच ती सेवांची यादी बघा. काय कशाचं आहे ते कळत नसेल तर ओळखीच्या जाणकाराला समोर बसवून दाखवा, फोनवर नको.

घरचा कॉम्प्युटर मी अजूनही बाहेरून वापरते. व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा खाजगी बंदिस्त मार्ग, आहे, पासवर्डसोबत दुसरी खूण मागणारी दुहेरी पडताळणी आहे, आणि मांडणी माझ्या शेजारी बसून एका मैत्रिणीने करून दिली. तक्रार नोंदवली आहे. तो नंबर आता सर्चमध्ये दिसत नाही. अगदी त्याच मजकुराची, दुसऱ्या नंबरची जाहिरात मात्र कालही सर्वांत वर होती.