माती तपासणीवाले: काम चोख, रिपोर्टला उशीर

सोलापूरजवळच्या प्लॉटवर घर बांधण्याआधी माती तपासून घेतली. मिस्त्री म्हणाला, "कशाला साहेब, 5 फुटांवर मुरूम लागतोय." रस्त्याकडे लागलाही. नाल्याकडे तपासणीसाठी घेतलेल्या बोअरला मात्र 14 फूट नुसती काळी माती! माती किती घट्ट ते बघायला 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमीवरून नळीवर पडायचा आणि नळी लोण्यात सुरी जावी तशी आत.

रिपोर्टमध्ये दोन्ही टोकं किती खचतील ते वेगवेगळं मांडलंय, हे आवडलं. घर सगळीकडून सारखं बसलं तर निभावतं. एकच बाजू बसली की भिंतीला तिरपी भेग. मातीच्या फुगण्याचा हिशोबही स्वतंत्र दिलाय. त्यावरूनच इंजिनिअरने नाल्याकडे पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) घ्यायला लावले.

वायदा आठवड्याचा, रिपोर्ट महिन्याने. फोन तर उचलतच नाहीत. ॲडव्हान्स पूर्ण देऊ नका.